फ्रान्समधल्या रेंस शहरात शॅम्पेनची जुनी तळघरं बघायची आहेत. एकाच ठिकाणी जाता येणार असेल तर कुठे जावं?

पॉमरी या शॅम्पेन कंपनीच्या तळघरांत जा. तिथे ११६ पायऱ्या उतरून साधारण ३० मीटर खाली गेलं की खडूच्या दगडातल्या गॅलो-रोमन काळच्या, म्हणजे इथे रोमन सत्ता होती तेव्हाच्या, खाणी लागतात. वरच्या झरोक्यातून प्रकाशाचा कवडसा थेट तळापर्यंत येतो. मान वर करून जरा वेळ नुसतं बघत राहा. लुईझ पॉमरी या बाईंनी एकोणिसाव्या शतकात या खाणी बोगद्यांनी जोडून घेतल्या, आणि खाली बाराही महिने सारखाच गारवा असल्यामुळे बाटल्यांना तो मानवतो.

गाईडला गाळ कसा काढतात ते नक्की विचारा. शॅम्पेन दोनदा आंबवतात. दुसरं आंबवणं बाटलीतच होतं, मग बाटली तिरपी ठेवून रोज थोडी थोडी फिरवतात. यीस्टचा गाळ हळूहळू तोंडाशी येऊन बसतो, तेवढाच भाग गोठवून बाहेर उडवतात. हे कळलं की चव घेण्यातही वेगळी मजा येते. साध्या शॅम्पेनलासुद्धा बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने थांबावं लागतं.

उन्हाळा असला तरी स्वेटर हवाच, कारण खाली तापमान १० अंशांच्या आसपास असतं. गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच पायऱ्यांचं विचारून घ्या. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनहून वेगवान रेल्वेने पाऊण तासात रेंस येतं.

पहिल्या महायुद्धात तोफांचा मारा चालू असताना गावातली माणसं अशाच तळघरांत राहिली, मुलांच्या शाळाही तिथेच भरल्या. तेही आवर्जून विचारा.