वहीतलं खोडलेलं वाक्य

मुली,

तुझं पत्र काल रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. दुसऱ्या वर्षाला आहेस, सिंटॅक्सचे, म्हणजे वाक्यरचनेचे, दोन पेपर दोन शिक्षकांकडे आहेत आणि एकाच वाक्याची दोघांनी दोन वेगळी झाडं काढली, म्हणजे वाक्याची रचना दाखवणाऱ्या फांद्याफांद्यांच्या आकृत्या. पहिल्यांचं झाड तू दुसऱ्यांच्या परीक्षेत काढलंस आणि गुण गेले. आता विचारतेस, दोघांतलं बरोबर कोण? आणि बरोबर कुणीच नसेल, तर भाषाविज्ञान मुख्य विषय म्हणून ठेवायचं तरी कशाला?

दीड पानाचं पत्र आहे. त्यात सिद्धांतांची नावं आहेत, दोन्ही झाडांचं वर्णन आहे, दोन्ही शिक्षकांच्या सवयीसुद्धा आहेत. ते वाक्य मात्र कुठेच नाही.

मी चिडले आहे आणि ते लपवत नाही. तुला विषय आवडतो की नाही अशी शंका मला येत नाही. न आवडणारा माणूस गुण गेल्यावर गप्प बसतो, दीड पान लिहीत नाही. म्हणून धीर देत बसत नाही. एकच विचारते: वाक्य कुठे आहे? झाड टिकतं की पडतं हे वाक्याला विचारायचं असतं. शिक्षकांना नाही, मला तर नाहीच.

आपल्याच भाषेतलं एक घे. 'तू चिठ्ठी वाचलीस.' हे क्रियापद नीट बघ. त्यातली 'ली' चिठ्ठीमुळे आली. निबंध असता तर 'वाचलास' झालं असतं, पत्र असतं तर 'वाचलंस'. म्हणजे लिंग कर्माचं. पण शेवटचा 'स' चिठ्ठीचा नाही, तो 'तू'चा आहे. 'तुम्ही' म्हटलंस की त्याच जागी 'त' येतो: 'वाचलीत'. एकाच क्रियापदानं एका हातानं कर्म धरलंय, दुसऱ्या हातानं कर्ता. शाळेत आपण कर्तरी, कर्मणी, भावे असे कप्पे पाठ केले आणि हे वाक्य जन्मभर बोलत राहिलो. ते कुठल्या कप्प्यात बसतं, हे थांबून कुणी पाहिलं?

मी पाहिलं होतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

माझा प्रबंध याच रूपांवर होता. एक देखणा नियम मी मांडला होता: कर्त्याला 'ने' लागला की क्रियापदावर त्याची वेगळी खूण येत नाही. 'तिने चिठ्ठी वाचली.' नामावर खूण आहे, मग क्रियापदाला पुन्हा कशाला? 'तू'ला 'ने' लागत नाही, म्हणून तिथे 'स' येऊ शकतो. मार्गदर्शकांनाही आवडला. मग एका दुपारी, ज्यांच्याकडून वाक्यं घेत होते त्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, 'तिनं चिठ्ठी वाचलीन्.' 'ने'ही आहे आणि वर 'न'ही आहे. मी वहीत लिहून घेतलं. घरी आले, पुन्हा वाचलं आणि त्यावर रेघ मारली. शेजारी लिहिलं: बोलण्याच्या ओघातली चूक.

ती चूक नव्हती. कोकणातल्या बोलींत हे रूप चांगलं नांदत होतं. 'सांगितलंन्', 'दिलंन्', 'म्हटलंन्' अशी रूपं पुढे मी इतक्या तोंडून ऐकली, की आधी ती कानावर पडत असूनही मला कशी ऐकू आली नाहीत याचंच नवल वाटतं. जुन्या छापील मजकुरातही ती सापडतात. प्रबंध मान्य झाला, पदवी मिळाली, नियम तसाच राहिला. मी तेवीस वर्षांची होते, सादर करायची तारीख दारात होती, आणि एवढ्या वाक्यांत उलटं बोलणारं वाक्य एकच होतं. ही कारणं खोटी नाहीत. आजही स्वतःला सांगते, की दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पण रेघ मीच मारली होती.

तेव्हापासून उदाहरणांशिवाय आलेला निबंध मी न वाचता परत करते. मुलं मला कडक म्हणतात. म्हणू देत. कुणी 'अमक्याच्या सिद्धांतानुसार' असं सुरू केलं की मी हात वर करते आणि म्हणते, वाक्य दाखव. यात मी अतिरेक करते, असं माझे सहकारी म्हणतात. मला नाही वाटत. माझ्याइतकी रेघेची किंमत त्यांना मोजावी लागलेली नाही.

तू सोस्यूर या स्विस भाषावैज्ञानिकाचं नाव घेशील, ते मला आधीच दिसतंय. वर्गात ती गोष्ट सांगतातच. एकवीस वर्षांचा विद्यार्थी 1878 मध्ये म्हणतो, की मूळ इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक वगैरेंच्या कल्पिलेल्या पूर्वज भाषेत, काही ध्वनी असले पाहिजेत, जे त्याला माहीत असलेल्या कुठल्याच भाषेत उरलेले नाहीत. 1913 मध्ये तो वारतो. पुढे त्याच कुळातल्या हित्ती या प्राचीन भाषेच्या मातीच्या पाट्या वाचता येऊ लागतात आणि 1927 मध्ये कुरिलोविच हा पोलिश भाषावैज्ञानिक दाखवून देतो, की त्यातला एक ध्वनी हित्तीत त्याच जागी बसलेला आहे. मग सिद्धांतच आधी आला, नाही का? नाही. त्या मुलानं संस्कृत आणि ग्रीक धातूंमधले स्वर कसे बदलतात ते ओळीनं मांडलं होतं आणि नियमात न बसणारी रूपं अपवाद म्हणून बाजूला टाकली नव्हती. ती तशीच समोर ठेवून तो विचारत राहिला, की इथे असं काय होतं जे आता नाही? माझ्या वहीत असं एक रूप आलं होतं आणि मी ते चूक ठरवलं. दोन विद्यार्थ्यांत फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

भाषाविज्ञान शिकतेस म्हटल्यावर लोक 'किती भाषा येतात?' विचारतात आणि तू वैतागतेस, तर वैतागू नकोस, पुढे जा. स्वाहिलीचा एक शब्द न येता तू हे सोडवू शकतेस: निनासोमा म्हणजे मी वाचते आहे, अनासोमा म्हणजे ती वाचते आहे, अलिसोमा म्हणजे तिने वाचलं, निटासोमा म्हणजे मी वाचेन. आता 'ती वाचेल' कसं म्हणशील? मिळालं ना उत्तर? तुझा विषय तो आहे. आणि बघ, इथेही आधी चार रूपं आली. शब्दातल्या अशा अर्थ असलेल्या लहानात लहान तुकड्याला म्हणतात तो 'रूपिम' हा शब्द नंतर आला तरी चाललं असतं.

पुढचे पेपर निवडताना एवढं कर. फोनेटिक्स, म्हणजे उच्चारांचा अभ्यास, सोडू नकोस, कारण लिपी आपल्याला फसवते. 'चार पुस्तकं' आणि 'गुरं चार' यांतले दोन 'च' तू जन्मापासून वेगळे उच्चारतेस आणि एकाच अक्षरानं लिहितेस. आवाजाचं चित्र दाखवणारं प्राट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात स्वतःचा आवाज टाक आणि ते दोन 'च' डोळ्यांनी बघ. कुणा भाषकासमोर बसून काम करायला लावणारा फील्ड मेथड्सचा पेपर असेल, तर बाकी वेळापत्रक मोडून तो घे. सांख्यिकी घे. प्रोग्रामिंगही शीक, कारण लाखो वाक्यं हातानं चाळता येत नाहीत. मात्र चाळणीत जे वर राहतं ते स्वतः वाच.

आणि पैसा नाही, साधनं नाहीत, हे मला सांगू नकोस. 1962 मध्ये विल्यम लबॉव हा अमेरिकन भाषावैज्ञानिक न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत गेला, चौथ्या मजल्यावर जी वस्तू मिळते ती कुठे मिळेल म्हणून विचारलं, उत्तर आलं की ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा वदवून घेतलं, आणि बाजूला होऊन उत्तरातल्या 'फोर्थ फ्लोअर'मधला 'र' उच्चारला की नाही ते टिपलं. 264 माणसं. त्या शहरात हा 'र' कधी येतो, कधी जातो, त्याला काही रीत नाही, असं तोवर मानलं जात होतं. दुकान जितकं महागडं, तितका 'र' जास्त ऐकू आला. त्याच्याकडे होते कान आणि कागद.

विषय बदलायचा असेल तर बदल. मानसशास्त्रात जा, संगणकात जा, मी अडवणार नाही. पोटापाण्याची काळजी खोटी नसते. नुसत्या बी.ए.वर थेट नोकऱ्या थोड्या आहेत. कोशाचं काम, भाषा शिकवणं, आवाज ओळखणाऱ्या यंत्रणांसाठीचं काम, या सगळ्यासाठी वर आणखी काहीतरी शिकावं लागतं. त्या कारणानं गेलीस तर मला पटेल. दोन झाडं जुळली नाहीत म्हणून गेलीस, तर मात्र मला वाईट वाटेल, कारण ती का जुळत नाहीत हे तू अजून पाहिलेलंच नाहीस. कदाचित दोन्ही झाडं एवढ्याच वाक्यापुरती ठीक असतील आणि शब्दांची जागा बदलून, 'नाही' घालून, प्रश्न करून पाहिलंस की त्यातलं एक पडेल. कदाचित दोन्ही पडतील. तसं झालं तर मला त्याच दिवशी कळव.

पुढच्या पत्रात झाड नको. ते वाक्य पाठव. कुणाच्या तोंडचं आहे ते लिही, आणि त्याच माणसाला चालणार नाहीत अशी त्याची दोन-तीन रूपंही लिही. शिक्षकांनी फळ्यावर रचलेलं वाक्य असेल, तर आधी कुणा बोलणाऱ्याला ते ऐकवून बघ.

सोबत माझ्या वहीच्या त्या पानाची प्रत जोडली आहे. रेघ एकच मारली होती. खालचं वाक्य स्पष्ट वाचता येतं.