जुन्या गाडीचे दिवे आणि करंटची परतीची वाट

पावसाळा ओसरला की नाशिकमधल्या झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात आणि माझ्याकडे दिव्यांच्या तक्रारी सुरू होतात. या वेळी त्यांतले पाच प्रश्न घेतो. हाताशी साधा मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प आणि पॉलिश पेपर ठेवा. नवा पार्ट आणायचा विचार त्यानंतर.

माझी १९८४ ची पद्मिनी आहे. रात्री कसारा घाटात हेडलाइट पिवळे, मंद पडतात. १००/९० वॅटचे बल्ब टाकले, तर प्रकाश फारसा वाढला नाही आणि होल्डर मात्र वितळला. (वाचक, इंदिरानगर)

आधी ते बल्ब काढा. अप्परला (लांब पडणाऱ्या उजेडाला) १०० वॅटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे १७ अँपिअर करंट. चाळीस वर्षं जुन्या स्विचला आणि डिपरला (डिम-अप्पर बदलणाऱ्या स्विचला) तो झेपत नाही. तिथले काँटॅक्ट कार्बन धरून बसलेले असतात, त्यामुळे व्होल्टेज वाटेतच गळतं आणि त्याची उष्णता होते. तुमचा होल्डर त्या उष्णतेनंच गेला.

गळती मोजायची रीत अशी. इंजिन चालू ठेवा, थोडी रेस द्या, हेडलाइट लावा. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बच्या मागच्या लाइव्ह पिनवर टेकवा. मीटर जे दाखवेल तेवढं व्होल्टेज वाटेत हरवतंय. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मग हेच मायनस बाजूनं करा : बॅटरीचा मायनस आणि बल्बची अर्थ पिन (गाडीच्या बॉडीला जोडलेली). तिथे ०.२ व्होल्टहून जास्त नको. बल्ब जागेवर आणि पेटलेला असतानाच मोजा. बल्ब काढून मोजणारे पुष्कळ जण फसतात, कारण करंटच वाहत नसला की गळती होत नाही आणि मीटर सगळं उत्तम असल्याचं सांगतो.

फिलामेंटचा बल्ब व्होल्टेजबाबत फार नाजूक असतो. १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट पोचले तर प्रकाश साधारण एक तृतीयांशानं कमी होतो. म्हणून ६०/५५ चेच बल्ब ठेवा आणि रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा, एक डिमला (जवळच्या उजेडाला) आणि एक अप्परला. ३० नंबरच्या पिनला बॅटरीतून फ्यूज लावून थेट सप्लाय, ८७ वरून बल्बला, ८६ ला डिपरकडून येणारी जुनी वायर आणि ८५ अर्थला. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, पाव अँपिअरपेक्षाही कमी. बल्बपर्यंत अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर घ्या. माझा एक आग्रह आहे : डिम आणि अप्परला वेगवेगळे फ्यूज द्या. घाटाच्या वळणावर एक फ्यूज उडाला तरी दुसरा दिवा हाताशी राहतो. यावर जीव अवलंबून असतो, इथे काटकसर करू नका.

आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) दिवे मंद आणि रेस दिली की उजळ, एवढंच होत असेल आणि गाडीला अजून डायनॅमो (अल्टरनेटरच्या आधीचं, बॅटरी चार्ज करणारं यंत्र) असेल, तर तो दोष नव्हे. आयडलला डायनॅमो जवळजवळ चार्जच करत नाही. बेल्ट सैल नाही ना, तेवढं बघून घ्या.

१९७८ ची अँबॅसॅडर मार्क थ्री आहे. रंगकाम करून आणल्यापासून ब्रेक दाबला की डाव्या बाजूचा टेल लाइट विझतो, आणि इंडिकेटर लावला की ब्रेक लाइट लुकलुकतो. वायरिंगवाला म्हणतो, पूर्ण हार्नेस (वायरिंगचा सगळा जुडगा) बदला. (वाचक, सिन्नर)

हार्नेस बदलू नका. उत्तर तुमच्या पहिल्याच वाक्यात आहे : रंगकाम.

मागच्या दिव्यांचा करंट बॉडीतून बॅटरीकडे परततो. पेंटरनं होल्डरच्या जागेवरही रंग मारला असणार, आणि रंगातून करंट जात नाही. परतीची वाट बंद झाली की ब्रेकच्या २१ वॅटच्या फिलामेंटमधून आलेला करंट त्याच बल्बच्या ५ वॅटच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो आणि टेल लाइटच्या वायरीनं दुसऱ्याच दिव्याकडे पोचून तिथून अर्थ शोधतो. म्हणून एक दाबलं की भलतंच पेटतं किंवा विझतं. असे विचित्र, एकमेकांत गुंतलेले दोष दिसले की मी वायरिंगचा नकाशा उघडतच नाही, आधी अर्थिंग बघतो.

खात्री दोन मिनिटांत होते. एक लांब वायर होल्डरच्या पत्र्याला आणि बॅटरीच्या मायनसला टेकवा. दिवे शहाण्यासारखे वागू लागले की निदान झालं. मग होल्डरचे स्क्रू काढा, खालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला आणि वर पेट्रोलियम जेली लावा. मी तर प्रत्येक होल्डरपासून चेसिसपर्यंत स्वतंत्र काळी वायर ओढतो. इगतपुरीकडचा पाऊस खाणाऱ्या गाड्यांना तर ती हवीच.

पद्मिनीचा ८ अँपिअरचा फ्यूज रात्री स्पीडब्रेकरवर उडतो. सध्या तांब्याची तार गुंडाळून चालवतोय. (वाचक, पंचवटी)

ती तार आजच काढा. फ्यूज वितळण्याऐवजी आता वायर तापेल, आणि पेट्रोलच्या गाडीत त्याचा शेवट काय होतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा. आता शॉर्ट झाला तरी करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नाही. त्या फ्यूजवरचे बल्ब काढून ठेवा, दिव्यांचा स्विच लावा आणि हार्नेस हातानं एकेक वीत हलवत जा. जिथे हात लागताच टेस्ट बल्ब पूर्ण उजळतो, तिथे वायर सोललेली आहे. पत्र्याच्या भोकातले रबरी ग्रोमेट (वायरीभोवतीची कडी), डिकीच्या बिजागरीजवळची वळणं आणि नंबर प्लेटचा दिवा आधी बघा.

इंडिकेटरला एलईडी बल्ब टाकले, आता ते ब्लिंकच होत नाहीत. हेडलाइटलाही एलईडी टाकू का? (वाचक, गंगापूर रोड)

जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा पार्ट) बल्बच्या करंटनं तापून चालतो. २१ वॅटच्या दोन दिव्यांसाठी तो बनलाय, एलईडीचे दोन-चार वॅट त्याला पुरत नाहीत. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावा, किंवा जुने बल्ब परत बसवा. मी जुनेच बसवीन. हेडलाइटला एलईडी नको. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. जागा हलली की उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आजोबांची ६ व्होल्टची विलीज जीप आहे. दिवे कंदिलासारखे. १२ व्होल्ट करून घेऊ का? (वाचक, देवळाली कॅम्प)

घाई करू नका. ६ व्होल्टला तेवढ्याच वॅटसाठी दुप्पट करंट लागतो, आणि अर्धा व्होल्ट गळणं तुम्हाला १२ व्होल्टच्या गाडीच्या दुप्पट महाग पडतं. १२ व्होल्ट करायचं म्हणजे सगळे बल्ब, इग्निशन कॉइल, फ्लॅशर, डायनॅमो-रेग्युलेटर, इंधनाचा गेज, हॉर्न एवढ्या गोष्टींचा विचार आला. बऱ्याचदा असं दिसतं की आधीच्या कोणीतरी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक बॅटरी केबल लावून ठेवलेली असते. तिथे जाड केबल घाला, इंजिन ते चेसिस अर्थ पट्टी नवी करा, हेडलाइटच्या बुडाचा गंज घासा. मग पहिल्या उत्तरातल्या रीतीनं दोन्ही बाजूंची गळती मोजा आणि आकडे मला लिहून पाठवा. १२ व्होल्टचं ते बघून ठरवू.