जुन्या गाडीला पीयूसीची कुठली टेस्ट?

प्रश्न: माझी १९९८ची पेट्रोल मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. आरसी रिन्यूअलला फिटनेस करायचंय, पण पुण्यात धायरीतल्या एका पीयूसी सेंटरवर धुरात सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.९ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळालेलं इंधन) ९०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आलं आणि सरळ फेल म्हणाले. गाडी विकून टाकू का?

उत्तर: दादा, अजिबात विकू नका! सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम ही लिमिट बीएस-२, बीएस-३ (भारत स्टेज, गाड्यांच्या प्रदूषणाचे सरकारी टप्पे) पेट्रोल गाड्यांची, आणि पुण्यात बीएस-२ लागू झालं एप्रिल २००३ला, तुमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची, तिला सीओ ३ टक्के आणि एचसी १५००पर्यंत चालतं, म्हणजे तुमची पासच आहे. त्यांनी बहुतेक चुकीची कॅटेगरी टाकली. आरसीवरची तारीख दाखवून परत टेस्ट करायला लावा, हक्क आहे तुमचा. इंजिन २५०० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) धरून करतात ती लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाची टेस्ट बीएस-४वाल्यांची, तुम्हाला नको. डिझेलला धुराची वेगळीच टेस्ट असते.

आणि हो, जायच्या आधी पंधरा मिनिटं गाडी चालवा, चोक पूर्ण आत ढकललाय ना बघा, एअर फिल्टर काळा झाला असेल तर बदला. थंड इंजिनवर रीडिंग उगाच वर जातं.