घरची स्पीकर केबल: तेच प्रश्न, परत एकदा

या महिन्यात नागपुरातून आलेल्या प्रश्नांत निम्मे केबलचे, आणि त्यातही फिरून तेच, की घरी बनवलेली केबल महागाच्या केबलसारखी वाजेल का. वाजते राजेहो. तांबं खरं पाहिजे, जाड पाहिजे आणि टोकं घट्ट पाहिजेत.

दुकानदार म्हणतो ऑक्सिजन-फ्री कॉपर, म्हणजे ऑक्सिजन काढलेलं तांबं, नसेल तर बास येतच नाही. खरं का? (महाल)

नाही. साध्या घरवायरिंगच्या तांब्यात आणि त्यात रेझिस्टन्सचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, फरक जेमतेम एखाद टक्क्याचा, दहा मीटरची वायर चार बोटं लांब घेतली तरी तेवढा पडतो.

अँपपासून (अँप्लिफायरपासून) स्पीकर १२ मीटरवर, ८ ओमचे. कुठली वायर घेऊ आणि बनवू कशी? (मनीषनगर)

अडीच स्क्वेअर एमएम जाडीची मल्टीस्ट्रँड (बारीक तारांची) वायर, एक लाल एक काळी. करंट जाऊन परत येतो म्हणजे २४ मीटर तांबं, त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.१७ ओम. स्पीकरच्या ओमच्या ५ टक्क्यांच्या आत राहा असा जुना नियम आहे, ८ ओमला ते ०.४ होतात, म्हणजे तुम्ही निम्म्याच्याही आत. मे महिन्यात पारा ४६-४७ ला गेला की तांब्याचा रेझिस्टन्स दहाएक टक्के वाढतो, तरी काही बिघडत नाही, आणि तसंही खिडकीत कूलर घरघरत असताना तुम्हाला केबलमधला फरक ऐकू येत असेल तर तुमच्या कानांना नमस्कार.

दोन्ही वायरींची टोकं ड्रिलच्या चकमध्ये पकडा, दुसरी टोकं घरातल्या कुणाला तरी धरायला लावा आणि हळू पीळ द्या. पिळात लांबी कमी होते, म्हणून मीटर-दीड मीटर जास्तच कापा. टोकांना पिन थिंबल (टोकावर चेपायची धातूची पिन) लावा, क्रिम्पिंग टूलनं, पक्कडनं चेपून नाही. जोडायच्या आधी दोन्हीकडची टोकं मोकळी ठेवून मल्टीमीटर लावा, लाल-काळ्यात बीप वाजली तर कुठंतरी शॉर्ट आहे. ४ ओमचे स्पीकर घेणार असाल तर ही वायर चालेल, पण अँपला ४ ओम झेपतात का ते मागं लिहिलेलं बघा, नसेल लिहिलं तर विचारल्याशिवाय लावू नका.

डावा स्पीकर ३ मीटरवर, उजवा ७ मीटरवर. दोन्ही केबल सारख्याच लांब लागतात ना?

नाही लागत.

बर्डीत "शंभर टक्के कॉपर" लिहिलेलं बंडल निम्म्या भावात मिळालं, पण हाताला हलकं लागतं. वापरू का? उरलेली वायर कूलरला होऊन जाईल. (मानेवाडा)

हलकं लागलं तिथंच पैसे परत खिशात जायला पाहिजे होते भाऊ. ते बहुतेक वरून तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे, बाजारात त्याला सीसीए म्हणतात. ब्लेडनं एक तार खरवडा, आतून पांढरी निघाली की समजा. त्याहून पक्कं पाहिजे तर बरोबर एक मीटर कापून पूर्ण सोला आणि इतवारीच्या सराफ्यात कुणी ओळखीचा असेल तर त्याच्या काट्यावर ठेवा. अडीच स्क्वेअरचं तांबं मीटरला २२ ग्रॅमच्या आसपास भरतं, सीसीए ९ च्या आसपास. १५-१६ भरलं तर तांबं खरं पण माप खोटं, हा दुसरा धंदा.

स्पीकरला सीसीए लावली म्हणून काही आग लागत नाही, रेझिस्टन्स दीडपट धरा आणि जाड वापरा. माझं भांडण तुमच्या शेवटच्या वाक्याशी आहे. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात, आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि वायर टू कोर, म्हणजे अर्थिंगच नाही! स्पीकरला दोन तारा पुरतात, कूलरला तीन लागतात, आणि ती तिसरी पत्र्याला खरोखर जोडलेली पाहिजे, प्लगमध्ये नुसती लोंबकळत नाही. त्यात ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबून ढिलं होतं आणि सांधा तापतो. "मागच्या वर्षी तर चाललं" हे मला सांगू नका. आयएसआय मार्कची थ्री कोर घ्या, लायसन्सवाल्या वायरमनला बोलवा, बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का तेही त्यालाच बघू द्या, आणि पाणी भरताना नुसता स्विच नाही, प्लगच काढायचा. उरलेलं बंडल भंगारात द्या.

व्हिडिओत बघितलं, लॅन केबलच्या तारांची वेणी घातली की भारी स्पीकर केबल होते. (धरमपेठ)

होते, पण अशा वेणीत कपॅसिटन्स (दोन तारांमध्ये चार्ज साठणं) बराच वाढतो आणि काही अँप त्यानं बावचळतात, कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट व्हायला, म्हणजे आपोआप थरथरायला, लागतात, मग आऊटपुटचे ट्रान्झिस्टर तापून उडतात. व्हिडिओवाला तुमचा अँप भरून देणार नाही. अँप कुठला ते तुम्ही लिहिलंच नाही, आधी तो ओळखणाऱ्या मेकॅनिकला विचारा. शिवाय लॅन केबलही सीसीएची खपवतात.

दोन महिन्यांपासून एका बाजूनं खरखर येते, केबल हलवली की थांबते. नवीन केबलनं जाईल का? (जरीपटका)

दोन महिने काउन थांबले? एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकत असेल तर एक दिवस अँपमधली स्पीकरला करंट देणारी आऊटपुट स्टेजच बसेल. आजच अँप बंद करून प्लग काढा आणि टोकं बघा. सोल्डर चढवून स्क्रूखाली दाबलेलं असेल तर तेवढं कापून टाका, सोल्डर मऊ, दाबाखाली सरकतं आणि स्क्रू ढिला पडतो. मग दोन्हीकडच्या केबल अदलाबदल करा. खरखर केबलसोबत दुसऱ्या बाजूला गेली तर नवीन केबल बनवा. जिथल्या तिथं राहिली तर दोष अँपमध्ये किंवा स्पीकरमध्ये, ते घरी उघडत बसू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. आणि नेताना केबलही न्या, निम्मे लोक तीच घरी विसरून येतात.