स्वभावातल्या बारीक खोडींना इंग्रजीत काय म्हणतात?

तुम्ही विचारलंय की माणसाच्या स्वभावातल्या बारीकसारीक खोडींना इंग्रजीत नेमका शब्द कोणता आणि तो लक्षात कसा ठेवायचा. तुम्हाला हवाय तो शब्द बहुतेक फॉयबल, स्पेलिंग एफ-ओ-आय-बी-एल-ई, वाचताना जास्त करून अनेकवचनात भेटतो, फॉयबल्स.

मी हा शब्द यादीतून दोनदा पाठ केला होता, समोर 'किरकोळ दोष' एवढाच अर्थ, आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात विसरलो. पक्का बसला तो तलवारीमुळे. फेन्सिंगमध्ये पात्याचा मुठीकडचा अर्धा भाग मजबूत, समोरच्याचा वार त्यानेच अडवतात, त्याला म्हणतात फोर्टे, आणि मधल्यापासून टोकापर्यंतचा जो भाग लवतो, जोर धरत नाही, तो फॉयबल. आपण 'गणित माझा फोर्टे आहे' म्हणतो ना, तोच हा फोर्टे! दोन्ही शब्द फ्रेंचमधून १७व्या शतकात इंग्रजीत आले, आणि अशक्त या अर्थाचा फीबल हा फॉयबलचा सख्खा भाऊच.

आता क्वर्क आणि फॉयबल यात गल्लत होते. माझे बाबा लिहिताना जिभेचं टोक ओठात धरतात, ती झाली लकब, म्हणजे क्वर्क, त्यात कमी-जास्त काही नाही. पण तेच बाबा घराला कुलूप लावून जिना उतरतात, चार पायऱ्या गेल्यावर थांबतात, परत वर जाऊन कुलूप तीनदा ओढून बघतात, आणि आम्ही खाली उभे. ही फॉयबल, कारण तिच्यामागे छोटीशी कमजोरी आहे, स्वतःच्या हातावर भरवसा नसल्याची, पण त्याचा राग येत नाही, उलट ते वर गेले नाहीत तरच मला चुकल्यासारखं वाटतं. ही माया या शब्दात आहे, म्हणून मला तो इतका आवडतो. खोटं बोलणं, अंगावर धावून जाणं याला कृपा करून फॉयबल म्हणू नका, तो सरळ दुर्गुण.

पाठ करायचा असेल तर घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे त्याची एकेक फॉयबल वहीत लिहा. आईच्या नावापुढे मी लिहिलंय, फोन ठेवते म्हणाल्यावर अजून वीस मिनिटं बोलते.