सीट हीटर पहिल्यांदाच बसवताय?
सुरुवात ड्रायव्हरच्या सीटपासून करा, नक्की जमेल. शेजारच्या सीटमध्ये बऱ्याचदा माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असतो, ती नंतर.

साइड एअरबॅग असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच सीटखालचा एअरबॅगचा पिवळा कनेक्टर सोडवा. सीट बाहेर असताना इग्निशन लावू नका, एअरबॅगचा दिवा पेटून राहतो.

नवख्यांकडून हमखास चुकतं ते:
- कव्हरखाली बसवायच्या गरम होणाऱ्या पॅडला घडी पडते. तिथे उष्णता साचून कव्हर करपतं. फोमच्या खाचेतसुद्धा पॅड सपाट बसवा.
- रिलेची (हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) ट्रिगर वायर, म्हणजे त्याला चालू करणारी वायर, कायम चालू लाइनला जोडली जाते. ती इग्निशनसोबत सुरू होणाऱ्या फ्यूजवरच घ्या, नाहीतर बॅटरी उतरते.
- वायरला ढील राहत नाही, सीट सरकवली की तुटते.

कव्हर फोमला धरून ठेवणाऱ्या रिंगा आवळण्याआधी पॅड गरम होतोय ना, हाताने बघा; पण गाडीचं इग्निशन न लावता, वेगळ्या १२ व्होल्ट बॅटरीवर.