अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी राजकारणावर उघड बोलणारा धर्मोपदेशक कोण होता?

माझ्या मते पहिलं नाव जोनाथन मेह्यूचं. जन्म 1720, मार्थाज व्हिनयार्ड बेटावर. हार्वर्डमधून 1744 साली पदवी आणि 1747 पासून शेवटपर्यंत बोस्टनच्या वेस्ट चर्चमध्ये.

त्याचं 1750 चं प्रवचन मुळातून वाचाच. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद 30 जानेवारी 1649 ला झाला होता आणि अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे) लोक त्या दिवशी त्याला हुतात्मा मानून शोक पाळत. मेह्यूने थेट त्यालाच हात घातला. ‘सत्ताधीशांच्या अधीन राहा’ असं सांगणारं बायबलमधलं वचन घेऊन त्याने मांडलं, की ही आज्ञा लोकांचं भलं करणाऱ्या सत्तेपुरती आहे. जुलमी राजाला विरोध करणं पाप नव्हे, कर्तव्य आहे. चर्चच्या व्यासपीठावरून हे बोलायला छातीच लागते! पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सनेही या प्रवचनाचा प्रभाव आवर्जून नोंदवला.

25 ऑगस्ट 1765 ला मेह्यू ब्रिटनने वसाहतींमधल्या छापील कागदांवर लादलेल्या कराच्या कायद्याविरुद्ध, म्हणजे स्टॅम्प ॲक्टविरुद्ध बोलला. दुसऱ्याच रात्री जमावाने मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा उपगव्हर्नर थॉमस हचिन्सनचं घर फोडलं. विरोधकांनी मेह्यूवर ठपका ठेवला. त्याने मात्र हचिन्सनला पत्र लिहून हिंसेचा निषेध केला. कायदा 1766 मध्ये रद्द झाला, त्याच वर्षी जुलैत तो वारला. वय अवघं 45.